सेन्योराचा पगार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणावरचा लेख आला होता आणि पुढच्या आठवड्यात त्यावर एका पालकांचं पत्र. लेखातलं स्पेनच्या यजमान कुटुंबांचं वर्णन वाचून वाटावं, मुलगी शिकायला नाही, आजोळी निघाली आहे. पालकांच्या पत्राचा सूर अगदी उलटा: ही माणसं पैशासाठी मुलं ठेवतात, माया वगैरे काही नाही, अंघोळीचं पाणीसुद्धा मोजून देतात. दोन्ही वाचताना मला माझी आजी आठवत राहिली. नारायण पेठेत तिने एकतीस वर्षं खानावळ चालवली. पैशासाठीच चालवली. आणि मी 2018 मध्ये फेब्रुवारी ते जून सालामांकाला ज्या बाईंकडे राहिले, त्यांनीही मला पैशासाठीच ठेवून घेतलं होतं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री तुमच्या हातात आहेच.

सालामांका माद्रिदपासून बसने अडीच तासांवर. तिथलं विद्यापीठ 1218 चं. आपली ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे तिच्याहून बहात्तर वर्षांनी थोरलं. मी गेले तेव्हा आठशेवं वर्ष साजरं होत होतं, गावभर त्याचे फलक लागले होते. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात एका कवटीवर दगडी बेडूक बसलाय, तो ज्याला आपला आपण दिसतो तो परीक्षेत पास होतो म्हणतात. मला पहिल्याच दिवशी एका कोरियन मुलीने बोट दाखवून दाखवला, त्यामुळे माझा धरला की नाही कोण जाणे. असो. जुन्या गावाचा सोनेरी दगड, प्लाथा मायोर, रोमन पूल हे सगळं माहितीपुस्तकात मिळेल. माझा मुक्काम त्यापासून लांब, गार्रिदो भागात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होता.

माझ्या घरमालकीणबाईंचं, म्हणजे सेन्योरांचं, नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वय सत्तरीच्या आतबाहेर. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा माद्रिदला, मुलगी जर्मनीत. मला मिळालेली खोली त्या मुलीची. मी पहिले चार दिवस त्यांना अगदी व्याकरणशुद्ध 'उस्तेद' म्हणत होते, म्हणजे आपलं 'तुम्ही'. पाचव्या दिवशी त्या वैतागल्या. उस्तेद म्हटलं की बँकेत उभी असल्यासारखं वाटतं म्हणाल्या, 'तू' म्हण. मी क्षणभर अडखळले, मग वाटलं, आजीला तरी आपण कुठे अहोजाहो करतो? तेव्हापासून अगं-तुगं. या पत्रातही यापुढे तसंच लिहिते, नाहीतर मलाच परकं वाटेल.

आता पाण्याचं. पालकांनी लिहिलंय ते खरं आहे, पण मोजलं जातं ते पाणी नव्हे, गॅस. तिच्याकडे पाणी तापायचं ते बुतानोच्या नारिंगी सिलिंडरवर. त्यात साडेबारा किलो गॅस असतो, आपल्या घरगुती सिलिंडरपेक्षाही कमी. सिलिंडरवाला खाली रस्त्यावर ठणठण वाजवत यायचा, ही बाल्कनीतून हाक मारायची आणि तो भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन चार जिने चढायचा. एकदा त्याचा चढतानाचा श्वास दारातून ऐकला की गरम पाण्याखाली पंधरा मिनिटं उभं राहायची हिंमत होत नाही. पाच मिनिटं झाली की सेन्योरा दारावर टकटक करायची. मला राग यायचा. मग मी म्हटलं, आपण शहाणपणा करू, बादली-मगने अंघोळ करू, गॅस वाचेल. बादली टबाबाहेर ठेवली, फरशीवर बसले आणि यथेच्छ अंगावर पाणी घेतलं.

त्या बाथरूमच्या फरशीला मोरीच नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पाणी दाराखालून बोळातल्या लाकडी जमिनीवर पोचलं होतं. सेन्योरा घरातले सगळे टॉवेल घेऊन धावली. मी टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनी फरशी पुसतेय, ती गुडघ्यावर बसून बोळ पुसतेय, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात उभे राहून आपल्या छताबद्दल काहीतरी फार भराभर बोलतायत. मला त्यातला 'आग्वा' (पाणी) एवढा एकच शब्द कळत होता. डागाळलेलं छत नंतर तिने स्वतःच्या खर्चाने रंगवून दिलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, बाथरूम कसं वापरायचं ते सांगायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही.

चपलांचीही तीच गत. आपण चपला दाराबाहेर काढतो आणि घरात अनवाणी हिंडतो. तिच्या लेखी अनवाणी म्हणजे सर्दीला आमंत्रण. 'थापातियास!' म्हणजे सपाता घाल, असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची, मी बोळात पाऊल टाकलेलं तिला भिंतीपलीकडून कसं कळायचं देव जाणे. फेब्रुवारीत तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, गाव आठशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा तिचं चुकत होतं असंही नाही.

मी पोहे करून घातले आणि तिने बोटं चाटली वगैरे लिहिणार नाही. ते सगळेच लिहितात. (केले होते. तिने दोन घास खाऊन 'इंतेरेसान्ते' म्हटलं. कोणत्याही भाषेत त्याचा अर्थ एकच.)

मुख्य गोष्ट खाड्याची. पुण्यात ज्यांनी मेसला जेवून दिवस काढलेत त्यांना खाडा सांगायला नको. आजीचा नियम असा की आदल्या रात्री आठपर्यंत सांगितलं तरच त्या दिवसाचे पैसे कापायचे. त्याची वेगळी वही होती आणि शाळेत असताना ती मी लिहायचे: नाव, तारीख, सकाळ की संध्याकाळ. मुलं कुरकुरायची. न जेवलेल्या ताटाचे पैसे घेते म्हणून एकाने आजीला तोंडावर कंजूष म्हटलं होतं. आजी म्हणाली, 'भाजी मी सकाळीच चिरली, कणीक भिजवली, आणि साडेदहापर्यंत तुझ्यासाठी गॅसपाशी बसले, ते कुठल्या हिशेबात धरू?' मी तेव्हा सातवीत होते. मला मुलाचंच बरोबर वाटलं होतं.

सालामांकात दुसऱ्याच आठवड्यात वर्गातली मुलं जेवायला बाहेर निघाली. व्हान दाइक नावाच्या रस्त्यावर ओळीने बार आहेत, पेयाबरोबर छोटी बशीभर काहीतरी खायला घ्यायचं आणि पुढच्या दारात जायचं. मीही गेले. घरी पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. स्वयंपाकघरात दिवा होता. मेणकापड घातलेल्या टेबलावर एक ताट, त्यावर दुसरं पालथं घातलेलं, शेजारी घडी केलेला रुमाल, पाण्याचा ग्लास आणि ब्रेडचा तुकडा. टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद, आणि ती खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. तिने वरचं ताट उचललं. तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. पूर्ण गार. तिने ते गरम केलं नाही, मला खा असंही म्हटलं नाही. 'एक फोन, पोरी,' एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली. मी भरल्या पोटाने ते सगळं ताट संपवलं. आजीची वही आठवत होती, आणि त्या वहीत मी ज्यांच्या नावापुढे तिरकी रेघ मारायचे ती सगळी मुलं.

पैशासाठी ठेवतात म्हणजे काय, ते मला पुढच्या महिन्यात कळलं. तिच्या टेबलाच्या खणात सरकारी पत्र होतं, पेन्शनवाढीचं. वाढ होती 0.25 टक्के. शंभराला पाव. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पेनभर पेन्शनरांचे मोर्चे निघाले, बिल्बाओमध्ये तर रस्ते भरून, आणि कित्येकांनी ती पत्रं सरकारला परत पाठवली. ही रोज जेवताना बातम्या बघायची आणि चमचा टेबलावर आपटायची. विधवेचं पेन्शन तिथे तेव्हा साधारणपणे नवऱ्याच्या आधारभूत रकमेच्या 52 टक्के असायचं. ती कधी काळी एका शिवणकारखान्यात होती, पण मुलं झाल्यावर सोडलं, त्यामुळे स्वतःच्या नावावर काही नाही. चाळीस वर्षं घर चालवलं त्याचं कुठेही खातं नाही. खात्यात दिसतं ते नवऱ्याच्या नोकरीतलं अर्ध्याच्या जरा वर, आणि माझ्यासारख्या मुली.

8 मार्चला तिथे बायकांचा मोठा संप झाला. नोकरीचाच नाही, घरकामाचाही. आवाहन असं होतं की ज्यांना रस्त्यावर येता येत नाही त्यांनी आपला एप्रन बाल्कनीत टांगावा. सेन्योरा सकाळपासून पुटपुटत होती: संप म्हणे, आणि जेवण कोण करणार? दीड वाजता मी वर्गातून आले, खालून वर पाहिलं तर आमच्या बाल्कनीत तिचा निळ्या चौकड्यांचा एप्रन दोन चिमट्यांवर लटकत होता. वर गेले. ती घरात घालायचा जुना झगा घालून, बाह्या सरसावून मसूर ढवळत होती. झग्यावर टोमॅटोचे शिंतोडे. मी काही विचारायच्या आत म्हणाली, 'मी संपावर आहे. मसूर संपावर नाहीत.'

भाषेबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हे मला पुण्याच्या वर्गात कुणी सांगितलं नाही. आपली मुलं स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात आणि नको तिथे अडकतात. पहिल्या जेवणाला तिने 'ते गुस्ता?' विचारलं आणि मी इंग्रजीच्या चालीवर 'यो गुस्तो' म्हणून मोकळी झाले. ती हसून हसून लाल. त्याचा अर्थ झाला, मी लोकांना आवडते. बरोबर वाक्य 'मे गुस्ता', म्हणजे शब्दशः आपलं 'मला आवडतं'. आणि पदार्थ अनेक असले की 'मे गुस्तान', आपलं 'मला आवडतात'. आंबा आवडतो, आंबे आवडतात, क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, आपल्या मागे नाही. तीन वर्षं मी ज्याचे तक्ते पाठ केले ते माझ्या तोंडात जन्मापासून होतं. दुखण्याचंही तसंच, भूक मात्र वेगळी: आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडे भूक असते. मुलामुलींनी इंग्रजी जरा बाजूला ठेवून मराठीतून वाक्य लावून पाहावं.

शब्दही ओळखीचे भेटतात. साबण, चावी, बटाटा हे आपल्याकडे आले पोर्तुगीजांबरोबर, पण स्पॅनिश ही त्यांचीच सख्खी शेजारीण. खाबोन, यावे, पाताता. आणि पगार. तोही त्यांचाच: 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं.

माझा करार 31 मेपर्यंतचा होता. परीक्षा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या दिवसांसाठी, हे घर मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडे पुन्हा न जाता मी तिलाच विचारलं, किती 'पागार' करायचे? तिने खणातून चौकटीची वही काढली. आजीच्या वहीसारखीच, कोपरे दुमडलेली. माझं नाव, महिने, न जेवलेले दिवस (हो, खाडे!) आणि आकडा. दिवसाला 17 युरो, तीन वेळचं जेवण आणि आठवड्यातून एकदा कपडे धुऊन.

मी 27 भरत होते. पुण्यातल्या मध्यस्थाने ज्या कागदावर माझ्या वडिलांची सही घेतली, त्यावर 'यजमान कुटुंब, संपूर्ण जेवणासह, प्रतिदिन 27 युरो' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी फेब्रुवारीच्या 5 तारखेला पोचले होते, म्हणजे मेअखेर 116 दिवस. दिवसाला दहाप्रमाणे 1160 युरो. तेव्हा युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता, हिशेब तुम्हीच करा. मध्यस्थाने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. व्हिसाची कागदं केली, घर शोधून दिलं, पुढे मधे आणखी कुणी असेल तर त्याचाही वाटा असेल. पण त्या सगळ्याचे पैसे वेगळे घेतले होते आणि ते वेगळ्या ओळीत होते. या ओळीत 'कुटुंब' लिहिलं होतं. तिच्यासमोर बसून मला लाज वाटली, कारण साडेतीन महिने मी मनातल्या मनात म्हणत होते की 27 युरो घेऊन ही बाई गरम पाण्यासाठी दार वाजवते.

मी तिला आकडा सांगितला. तिने तो दोनदा विचारून घेतला, मराठीत आपण 'सत्तावीस की सदतीस' विचारतो तसा, आणि वही मिटली. जूनच्या दिवसांचे मी 27 प्रमाणे पैसे पुढे ठेवले, तर तिने 17 प्रमाणे मोजून घेतले आणि उरलेल्या नोटा माझ्याकडे सरकवल्या. 'माझा भाव 17 आहे,' म्हणाली. वर त्या रविवारी मला न विचारता मसाल्याचा भात केला, कारण मी कधीतरी भात आठवतो म्हणाले होते. भात चिकट झाला होता. मी सगळा खाल्ला.

तेव्हा त्या पालकांना माझं सांगणं असं की तुमच्या मुलीची तक्रार मी खोटी म्हणत नाही. वाईट घरंही असतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीला रोज रात्री डब्यातलं सूप मिळायचं, तिने तक्रार केली आणि घर बदलून घेतलं, तसं बदलून घेता येतं. पण ती बाई पैसे घेते, ही तक्रार होऊ शकत नाही. ती किती घेते आणि त्यात काय देते, हे जायच्या आधी विचारा. जेवणं किती, शनिवार-रविवार धरून का, कपडे कोण धुणार, पाणी कशावर तापतं, न जेवण्याचं किती तास आधी कळवायचं. आणि नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत, तिला 'पाद्रोन' म्हणतात, आपल्या पत्त्यावर तुमच्या मुलीचं नाव लावायला ती बाई तयार आहे का. हे शेवटचं कुठल्याच माहितीपत्रकात नसतं आणि तिथे गेल्यावर परदेशी विद्यार्थ्याच्या ओळखपत्राच्या वेळी त्यावाचून अडू शकतं. माझ्यासोबत सेन्योरा स्वतः आली होती, नंबराचं तिकीट घेऊन दीड तास बसली, सही केली. हे 17 युरोंत नव्हतं.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा लेखकाला दोन आकडे विचारा: विद्यार्थ्याकडून घराच्या नावाने किती घेतले जातात, आणि ज्या बाईच्या हातचं तो जेवतो तिला त्यातले किती मिळतात. दोन्ही शेजारी-शेजारी छापा. 'घरच्यासारखं वातावरण' हे शब्द काढलेत तर जागा सहज होईल.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी (सध्या स्पॅनिशची शिक्षिका)
नारायण पेठ, पुणे

ता. क. शाकाहारी मुलांसाठी: नुसतं 'कार्ने नाही' म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी समोर दिसणारा मटणाचा तुकडा. हॅम वेगळं, मसुरात चवीपुरतं टाकलेलं चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, तर धरतच नाहीत. 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी चोरिथो, नी काल्दो दे कार्ने' (मांस, मासे, हॅम, चोरिथो, मांसाचा रस्सा, यातलं काही खात नाही) असं सगळं एका दमात म्हणायचं. मी म्हटलं होतं. तरी ईस्टरनंतरच्या लुनेस दे आग्वासला, म्हणजे अख्खं गाव नदीकाठी जाऊन ओर्नाथो, म्हणजे मांस भरून भाजलेली जाड रोटी, खातं त्या सोमवारी, सेन्योराने माझ्यासाठी मुद्दाम वेगळा ओर्नाथो भाजून आणला. आत ट्यूना होता. मासा नको म्हटलं होतं ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, 'मासा कुठे? हा तर डब्यातला आहे.'